डॉक्टर काय म्हणाले

दुकान चष्म्यांचं होतं आणि दोघा भावांचं होतं. थोरला मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासायचा, धाकटा पुढे काउंटरवर उभा राहून बोलायचा. ही वाटणी कुणी केली नव्हती, आपोआप झाली होती. थोरल्याला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा आणि धाकट्याला गप्प बसायचं म्हटलं की.

धाकट्याला सगळा रस्ता डोकेबाज म्हणायचा. एखादी बाई फ्रेम महाग म्हणून निघाली की तो घाईघाईने ती फ्रेम काउंटरखाली सरकवायचा. "नकाच घेऊ तुम्ही ही. फार लहान दिसाल, घरचे ओळखायचे नाहीत." बाई दारातून परत फिरायची. कुणी नव्या चष्म्याने डोकं दुखतं म्हणून आलं, तर हा चष्मा घेऊन आत जायचा, पुसायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि तसाच परत आणून द्यायचा. "बघा आता." माणूस डोळे मिचकावून म्हणायचा, "हां, आता कसं!"

"अरे, त्याचं डोकं खरंच दुखत असेल तर?" थोरला आतून विचारायचा.

"मग येईल की परत. जातोय कुठे?"

वहिनीला, म्हणजे थोरल्याच्या बायकोला, दिराचं फार कौतुक. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि तिनेच त्याचं सगळं केलं होतं. "एका घरात एकच डोकं पुरतं," ती नवऱ्याकडे बघून म्हणायची, आणि तिघंही हसायचे. थोरलाही हसायचा. त्याला ते खरंच वाटायचं.

इमारत दोन मजल्यांची. खाली दुकान, दुकानामागे या तिघांच्या राहायच्या खोल्या आणि वर मालकीणबाई एकट्या. त्यांना सगळे काकू म्हणत. काकूंचे यजमान कधीच गेले होते. एकुलता एक मुलगा इंजिनियर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. दुकानाचा कागद असा काही नव्हता. काकूंच्या यजमानांनी भावांच्या वडिलांना शब्द दिला होता, आणि शब्द देणारा आणि घेणारा दोघेही आता हयात नव्हते.

इंजिनियरला इमारत विकायची होती. त्यात त्याचा काही दुष्टावा नव्हता. आई एकटी राहते, जिने चढते-उतरते, दिसतं कमी, याचा त्याला घोर होता. तो रविवारी यायचा, तासभर ताठ बसायचा आणि म्हणायचा, "आई, चल ना आता माझ्याकडे." काकू म्हणायच्या, "बघू." त्या 'बघू'वर दुकान टिकून होतं.

हे डोकेबाजाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी त्याने भावाला आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं, "काकू हलल्या नाहीत तर घर विकलं जात नाही. आणि त्या कधी हलणार नाहीत? त्यांना इथं करमलं तर. मुलगा आठवड्याला एक तास येतो. मी रोज जातो."

"जाऊन काय करणार?" थोरल्याने विचारलं.

"वाचून दाखवणार. डोळे गेलेत त्यांचे, आणि वाचनाचं तर वेड आहे."

वहिनी हसून म्हणाली, "बघा, याला म्हणतात डोकं."

थोरल्याला काहीतरी टोचलं. पण म्हाताऱ्या बाईला कुणी वाचून दाखवत असेल तर त्यात वाईट काय म्हणायचं, हे त्याला सांगता येईना.

डोकेबाज रोज संध्याकाळी वर जाऊ लागला. आधी वर्तमानपत्र, मग काकूंच्या कपाटातल्या कादंबऱ्या. खुनाची कादंबरी असली तर तो इन्स्पेक्टरचा आवाज घोगरा काढायचा आणि श्रीमंत बाईचा नाकातला. काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. मध्येच थांबवून म्हणायच्या, "खुनी तो माळीच आहे, लिहून ठेव." मग त्याच्या शर्टाच्या कॉलरवर बोट फिरवायच्या. "कॉलर विरलीय रे. दिसत नसलं तरी हाताला कळतं. काढून दे, उलटून शिवते." आणि दिसत नसताना खरंच शिवून द्यायच्या, वेडीवाकडी.

दुकानात तो म्हणायचा, "तटबंदीचं काम चालू आहे." पण हळूहळू तो दुकान लवकर आवरायला लागला. गिऱ्हाईक असलं तरी घड्याळाकडे बघायचा. एकदा ताप असताना वर गेला. वहिनी म्हणाली, "एक दिवस नाही गेलास तर तटबंदी पडत नाही." तो म्हणाला, "प्रकरण अर्धं राहिलंय, त्या वाट बघतील." थोरल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला बरं वाटलं. त्याला वाटलं, चला, नाटक करता करता पोरगा खरा झाला.

काकूंची नजर मात्र आणखी आणखी अंधुक होत गेली. चहा कपाबाहेर पडायला लागला. मुलगा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. त्याला सवड काढायला जड जात होतं, म्हणून डोकेबाजच पुढे झाला. "मी नेतो की. आमचा धंदाच डोळ्यांचा. कुठे दाखवायचं ते मला माहीत आहे."

मोठ्या दवाखान्यात काकूंच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं. डॉक्टरांनी डोकेबाजाला आत बोलावलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि चांगला पिकलाय," डॉक्टर म्हणाले. "लांबवू नका. याच महिन्यात एक डोळा करून टाकू. या अशा फिरल्या तर कुठेतरी पडतील."

"बरं," म्हणून तो बाहेर आला. डॉक्टरांच्या दारापासून बाकापर्यंत लांब बोळ होता. बाकाच्या कडेला काकू हात मांडीवर घेऊन, मिटल्या डोळ्यांनी, शाळेच्या पहिल्या दिवशी बसवलेल्या मुलीसारख्या बसल्या होत्या. ऑपरेशन झालं की मुलगा त्यांना विश्रांतीसाठी घरी नेणार. तिथे सूनबाई, गॅलरी, लिफ्ट. एकदा गेल्या की कशाला परत येतात? हे सगळं त्याला चालता चालता दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. दिसायला लागलं की त्या आपलं आपण वाचतील.

"काय म्हणाले रे डॉक्टर?" त्याची पावलं ओळखून काकूंनी विचारलं.

"म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण अजून कच्चा आहे. घाई नको. थेंब घालू, वर्षभराने बघू."

काकूंनी इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या बाईने वळून पाहिलं. त्यांनी चाचपडत त्याचा हात धरला. "मला कापाकापीची फार भीती वाटते रे. तू होतास म्हणून आले." संध्याकाळी त्याने डॉक्टरांचं म्हणून तेच वाक्य इंजिनियरला फोनवर सांगितलं, आणि इंजिनियरने मनापासून त्याचे आभार मानले.

पुढचे काही महिने काहीच झालं नाही. रोज वाचन चालू, रविवारचं "बघू" चालू.

मग एका दुपारी काकू जिन्यात पडल्या. डोकेबाज फ्रेम्स आणायला बाजारात गेला होता. धप्प असा आवाज आला आणि त्यानंतर काहीच आवाज आला नाही, त्यानेच थोरला घाबरला. तो आणि वहिनी धावले. काकू वळणावरच्या पायऱ्यांवर आडव्या, एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. भरदुपारी तो जिना अंधारा असायचा आणि तिथला दिवा बंद होता. "पायरी संपली असं वाटलं," त्या एवढंच म्हणाल्या.

थोरला त्यांच्याबरोबर रुग्णवाहिकेतून त्याच मोठ्या दवाखान्यात गेला. मांडीचं हाड मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, यांना दिसतं का नीट? म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी काकूंच्या डोळ्यांत पाहिलं, मग थोरल्याला बाजूला घेतलं आणि चांगलेच तापले.

"यांना मी तेव्हाच म्हटलं होतं, लांबवू नका! तुमच्याकडचा एक तरुण होता बरोबर, बोलका. त्याला स्पष्ट सांगितलं होतं, या पडतील म्हणून. तुम्ही लोक नुसतं हो हो म्हणून जाता!"

"हो," थोरला म्हणाला.

तो बोळातल्या बाकावर जाऊन बसला. आता रडावं की उठून भावाला शोधून दोन थोबाडीत द्याव्यात, हे त्याला कळेना. तो बसूनच राहिला.

इंजिनियर आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. पाठोपाठ डोकेबाज आला, पळत. तो इंजिनियरच्या पुढे काकूंच्या खाटेशी पोचला आणि त्याचा चेहरा खरोखर उतरला. थोरल्याने ते पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. मग त्याच चेहऱ्याने, काकूंचा हात हातात घेऊन, स्वतःशीच बोलल्यासारखं डोकेबाज म्हणाला, "जिन्यात दिवा असता तर..."

बस्स, एवढंच.

काकूंनी मुलाला त्या दिव्याचं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. तो "पाठवतो माणूस" म्हणाला होता आणि विसरला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी हाडाचं ऑपरेशन झाल्यावर, शुद्धीवर येऊन त्या पहिलं वाक्य बोलल्या ते मुलाला: "तुझ्याकडे मी येणार नाही. आणि घर विकायचं माझ्यासमोर बोलायचं नाही. एक दिवा नाही लावता आला तुला."

इंजिनियरने आईची चादर नीट केली. बाहेर येऊन तो थोरल्याच्या शेजारी बसला. ताठ बसणारा माणूस, पण आता त्याची पाठ वाकली होती. म्हणाला, "मी पूल बांधतो हो. एवढाले पूल. आणि मला एक दिवा..."

थोरल्याच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण इंजिनियर आपल्याच तळहातांकडे बघत होता आणि थोरल्याने ते तसंच गिळलं.

घरी वहिनीने दोघांना वाढलं. तिने दिराकडे पाहून मान हलवली. "पडल्या बिचाऱ्या, वाईट झालं. पण आता मेल्या तरी घर सोडत नाहीत. दुकान वाचलं म्हणायचं."

डोकेबाज ताटातल्या पोळीचे तुकडे करत बसला होता.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" थोरल्याने विचारलं.

"कुठले डॉक्टर?"

"डोळ्यांचे. तेव्हा."

डोकेबाजाने बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या खोलीत गर्दी होती, नीट ऐकू आलं नाही. मग, डॉक्टर म्हणाले होते पण फार जोर देऊन नाही. मग, काकूच इतक्या घाबरल्या होत्या की सांगणं बरं दिसलं नसतं. थोरला ऐकत राहिला. मध्ये बोलला नाही, मान हलवली नाही. त्याने पाण्याचं भांडं भावासमोर सरकवलं.

"घे, बोलून घे," तो म्हणाला. "मी थांबतो."

डोकेबाज थांबला. मग म्हणाला, "म्हणाले होते, याच महिन्यात करा. नाहीतर पडतील."

वहिनीचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला.

"पण दादा, दिवा तर खरंच बंद होता ना? मी खोटं काय बोललो?"

"काही नाही बोललास. तुला आता खोटं बोलायचीसुद्धा गरज पडत नाही. त्याचीच मला भीती वाटते."

"मी हे स्वतःसाठी केलं? दुकान कुणाचं आहे? रस्त्यावर गेलो असतो आपण तिघं! तू आत काचा घासत बसतोस. बाहेर काय चाललंय त्याचा तुला कधी पत्ता असतो?"

"नसतो," थोरला म्हणाला. "खरंय. जिना अंधारा आहे हे मलाही दिसत होतं. मी तरी कुठे दिवा लावला?"

वहिनी मध्ये पडली. "अहो, जे झालं ते झालं. आता बोलून त्यांचं हाड लवकर जुळणार आहे का? डोळ्यांचं ऑपरेशन आता होईलच. ज्याचं त्याला मिळेल. उगाच आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

"तो माणूस बाकावर बसलाय," थोरला म्हणाला. "त्याला वाटतंय, त्याने आईला पाडलं. तो मरेपर्यंत हेच वाटून घेणार. आणि ती मरेपर्यंत त्याच्याशी नीट बोलणार नाही. तेवढ्यावर आपण शटर उघडायचं रोज?"

वहिनीने डब्याचं झाकण लावलं.

"मग तूच सांग जाऊन," डोकेबाज शेवटी म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "एवढं वाटतंय तर तूच सांग."

"मी सांगितलं तर ती चहाडी होईल. काकूंना एवढंच कळेल की कोणावर विश्वास ठेवायचा नाही. तू सांगितलंस तर..."

"तर काय?"

थोरल्याने ताट बाजूला सारलं. "ते मला नाही माहीत. पण तुझं तू सांगायला हवंस. मी वाट बघेन. फार नाही बघणार."

डोकेबाज दोन दिवस कुणाशी बोलला नाही. या दोन दिवसांत त्याने काय केलं, तर वाक्यं जुळवली. त्याला ते येत होतं. त्यातलं एक वाक्य इतकं चांगलं जमलं की त्याचा जीव भांड्यात पडला: डॉक्टर काय म्हणाले ते मला नीट कळलं नाही काकू, माझीच समजण्यात चूक झाली. दादाही गप्प होईल, इंजिनियरचं ओझंही थोडं उतरेल, आणि चूक काय, कुणाचीही होते.

तो दवाखान्यात गेला तेव्हा थोरला बरोबर होता, पण दाराशीच थांबला. इंजिनियर खाटेच्या पायथ्याशी खुर्ची घेऊन बसला होता. आई त्याच्याशी बोलत नव्हती, तरी रोज बसत होता.

डोकेबाजाने वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं. शेवटी आवाज थोडा कापला तोही खरा होता.

काकू ऐकत होत्या. त्यांनी हात पुढे केला. "अरे वेड्या, एवढंच ना? डॉक्टर काय बोलतात ते मलाही कधी कळत नाही. चूक होते माणसाची. तू एकटा तर येतोस माझ्याकडे."

सुटला. सगळं झालं होतं. त्याने एक श्वास घेतला, आणि तेवढ्यात इंजिनियर खुर्चीवरून उठला. त्याच्याजवळ आला. या माणसाने आजवर कुणाच्या खांद्यावर हात ठेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्याने अवघडून हात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. डोळ्यांचं राहू द्या, दिवा असता तर आई पडली नसती. ते माझं आहे. तुम्ही आईसाठी जे केलंत ते मला मुलगा असून जमलं नाही."

डोकेबाज त्या हाताकडे बघत राहिला. दाराशी उभ्या थोरल्याला फक्त त्याची पाठ दिसत होती. ती पाठ हलली.

"मला नीट कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"डॉक्टर म्हणाले होते, याच महिन्यात करा. नाहीतर पडतील. हेच शब्द. मी बाहेर येऊन तुम्हाला दुसरं सांगितलं. तुम्ही यांच्याकडे जाल, घर विकलं जाईल, दुकान जाईल, म्हणून. आणि दिव्याचं मी मुद्दाम बोललो. तुम्ही यांच्यावर रागवावं म्हणून."

इंजिनियरचा हात खांद्यावरून आपोआप खाली आला. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून ऐकू लागली.

काकूंचा चेहरा हलला नाही. पांढुरल्या बुबुळांनी त्या त्याच्या आवाजाच्या दिशेने बघत होत्या. मग त्यांनी जे विचारलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

"वाचायला यायचास ते?"

"तेही आधी दुकानासाठीच," तो म्हणाला. "नंतर... नंतरचं मला सांगता येत नाही."

"वाचायचास ते तरी जसंच्या तसं वाचायचास ना?"

इथे 'हो' म्हणणं सोपं होतं. कादंबऱ्या त्याने अक्षरन् अक्षर वाचल्या होत्या. तो गप्प उभा राहिला, आणि काकूंना ती शांतता समजली.

"काय गाळलंस?"

"तुमच्या मैत्रीण गेल्या त्याची बातमी. शाळेतल्या. ज्यांना फोन लाव म्हणून तुम्ही मला सांगत होता. फोटो आला होता पेपरात. उन्हाळ्यात."

काकूंनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांवर एक नाव आलं आणि आवाज न होता गेलं.

"तो फोन लागत नाही म्हणाला होतास."

"हो."

"का रे? यात तुझ्या दुकानाचं काय होतं?"

"काही नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही रडाल असं वाटलं. किंवा मग सवय लागली होती. मला खरंच माहीत नाही काकू."

नर्स आली, सलाईन बघून गेली. काकूंनी हात चादरीखाली घेतला.

"जा तू आता," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर डोकेबाजाला तो झेपला असता.

तो दारातून बाहेर पडताना त्याच्यामागून इंजिनियरचा आवाज आला, "आई," आणि मग काकूंचा, अगदी हळू, "इकडे ये. जवळ ये. मला दिसत नाहीयेस तू."

पुढे जे व्हायचं ते झालं. काकूंचे दोन्ही डोळे झाले. हाड जुळलं, काठी राहिली. त्या मुलाकडे गेल्या आणि त्यांनी घर विकायला होकार दिला. इंजिनियरने भावांना निरोप पाठवला, इमारत रिकामी करायला पुरेसा वेळ दिला, त्यात कसलीही कटकट केली नाही. पण तो स्वतः आला नाही.

राहायला दोन लहान खोल्या मिळाल्या. दुकान मागच्या गल्लीत मिळालं, सायकलदुरुस्तीच्या शेजारी. इतकं अरुंद की थोरला यंत्रावर बसला की धाकट्याला काउंटरमागे आडवं उभं राहावं लागे. अर्धी गिऱ्हाइकं तुटली. वहिनी नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. एकदा दुकान झाडता झाडता तिला राहवलं नाही.

"लोक मला म्हणतात, तुमचे हे फार शहाणे. काय करू मी त्या शहाणपणाचं? त्याला छप्पर आहे का, शटर आहे?"

"मला तरी कुठे माहीत आहे," थोरला म्हणाला, "मी बरोबर केलं की चूक. त्या वेळी दुसरं काही करवेना, एवढंच."

वहिनीने झाडू भिंतीला टेकवला. तिला भांडायचं होतं, पण नवरा भांडणाला उभाच राहत नव्हता. ती चहा करायला गेली आणि तिघांसाठी केला.

डोकेबाजाचं नाव तेच राहिलं, पण बोलणं बिघडलं. कुणी आरशात बघून विचारलं, "कशी दिसते फ्रेम?" की तो अडखळायचा. पूर्वी दहा उत्तरं तयार असायची. आता एक शोधायला वेळ लागायचा आणि ते सापडेपर्यंत गिऱ्हाईक फ्रेम खाली ठेवायचं. कधी थोरलाच आतून म्हणायचा, "ती चौकोनी देऊन बघ." कुणाचं डोकं दुखलं तर मात्र आता चष्मा खरोखर तपासला जायचा. धंदा त्याने वाढला नाही. एकदा तर त्याने एका माणसाला सांगितलं, "तुम्हाला चष्म्याची गरज नाही," आणि नंतर दिवसभर स्वतःवर चिडचिड केली.

काही काळाने एका संध्याकाळी तो काही न सांगता बाहेर पडला. इंजिनियरच्या इमारतीला मोठं फाटक होतं, फाटकावर रखवालदार. रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे? काय काम?"

रस्ताभर त्याच्या डोक्यात कारणं येत होती. नव्या डोळ्यांना चष्मा लागेल, मोजून देतो. वरच्या कपाटात एक पुस्तक राहिलं होतं, ते आणलंय. हाडाच्या डॉक्टरांनी चौकशी केली. एकाहून एक सरस, कुठल्याही कारणाने फाटक उघडलं असतं. तो रखवालदाराकडे बघत उभा राहिला.

"सांगा, चष्मेवाला आलाय," तो म्हणाला. "काम काही नाही."

रखवालदाराने फोन केला, ऐकलं, ठेवला. "बाई झोपल्यात म्हणतात."

खरंच झोपल्या होत्या की काय, त्याला कळायला मार्ग नव्हता. आपण इतकी वर्षं लोकांना असंच सांगत आलो, हे त्याला परतीच्या वाटेवर सारखं टोचत राहिलं.

तो पुन्हा गेला. पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा "नंतर या." त्यानंतरच्या खेपेला इंजिनियर स्वतः खाली आला. त्याने डोकेबाजाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आई म्हणते, येऊ द्या. पण ती बोलेल असं नाही. आणि मला विचाराल तर, तुम्ही येऊ नये."

"बरं," डोकेबाज म्हणाला, आणि गेला वर.

काकू गॅलरीत खुर्चीत बसल्या होत्या. काठी बाजूला, नाकावर दुसऱ्याच कुठल्यातरी दुकानाचा चष्मा, हातात वर्तमानपत्र. त्यांनी एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी त्याला नीट असं कितीतरी वर्षांनी पाहिलं होतं. काय दिसलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्या पुन्हा वाचायला लागल्या. तो समोरच्या स्टुलावर बसला. पानं उलटल्याचा आवाज येत होता. एका पानावर, जिथे माणसांचे छोटे छोटे फोटो असतात, तिथे त्या बराच वेळ थांबल्या, एकेक बघितला, मग पान उलटलं.

अंधार पडायला लागला तसा सूनबाईने आतून दिवा लावला. तो उठला. "येतो काकू." त्यांनी उत्तर दिलं नाही.

घरी थोरला जेवायचा थांबला होता.

"कुठे गेला होतास?"

त्याने सांगितलं.

"बोलल्या काही?"

"नाही."

थोरल्याने ताट पुढे ओढलं. वहिनी वाढता वाढता थांबून दिराकडे बघत होती.

"परत जाणार आहेस?" तिने विचारलं.

"जाणार आहे."

"कशाला? त्या बोलत नाहीत, तो इंजिनियर नको म्हणतो. मिळणार काय तुला तिथे?"

डोकेबाजाने खूप वेळ विचार केला. त्याला एकही उत्तर सुचलं नाही. त्याने आमटीची वाटी पुढे केली आणि वहिनीने ती भरली.